जागेचे प्लॉट पाडताना: सोलापूरकरांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

रेखांकनाचे नकाशे काढणे हे माझे काम. त्यामुळे जुळे सोलापूर, बाळे, शेळगी, सोरेगाव, अक्कलकोट रोड, कुठूनही फोन येतो आणि प्रश्न बहुतेक तेच असतात. तीच उत्तरे इथे एकत्र लिहिली आहेत. सुरुवातीला साधे प्रश्न आहेत आणि पुढे अडचणीचे. एका उत्तराचा धागा दुसऱ्यात असेल तिथे त्या प्रश्नाचा क्रमांक दिला आहे. फोन करणाऱ्यांपैकी निम्मे तरी पैसे देऊन झाल्यावर विचारतात. ते आधी विचारले जावे, म्हणून हा खटाटोप.

1. शेताचा तुकडा आणि प्लॉट यांत नेमका फरक काय?

चार दगड रोवून किंवा फक्की मारून आखलेली जागा ही कायद्याच्या नजरेत शेताचा तुकडाच असते. नियोजन प्राधिकरणाने (शहरात ती महापालिका) मंजूर केलेल्या रेखांकनात (आपण लेआउट म्हणतो) जिला क्रमांक, ठरलेली मापे आणि रस्ता मिळाला, ती जागा भूखंड म्हणजे प्लॉट. महाराष्ट्र प्रादेशिक नियोजन व नगररचना अधिनियम, 1966 मध्ये 'विकास' या शब्दाच्या व्याख्येत जमिनीचे रेखांकन आणि पोटविभागणीही धरली आहे. वीटही न रचता नुसते प्लॉट पाडायचे असले तरी परवानगी लागते, ती त्यामुळेच. "आम्ही कुठं बांधतोय, नुसतं विकतोय" हे मी फार वेळा ऐकले आहे. ते चालत नाही.

2. माझी जागा निवासी झोनमध्ये आहे का, हे कुठे कळेल?

गट नंबर किंवा सर्व्हे नंबर देऊन नगररचना विभागाकडून झोन दाखला आणि भाग नकाशा घ्या. दाखल्यावर निवासी, शेती, औद्योगिक असा विभाग लिहिलेला असतो. भाग नकाशात तुमच्या गटातून विकास योजनेचा रस्ता जातो का, बाग, शाळा, दवाखाना यांचे आरक्षण आहे का, ते दिसते. दोन्ही कागद लागतात. दाखल्यावर 'निवासी' वाचून खूश झालेल्या माणसाच्या निम्म्या जागेवर नकाशात रस्ता निघालेला मी पाहिला आहे (पाहा प्रश्न 14). शेजारच्या गटात बंगले उभे आहेत, म्हणून आपलाही गट निवासीच असेल असे धरू नका. झोनची रेषा गटाच्या मधूनही जाते.

3. अर्ज महापालिकेत करायचा की कलेक्टर कचेरीत?

जागा महापालिका हद्दीत असेल तर महापालिकेच्या नगररचना विभागात. 1992 च्या हद्दवाढीत आलेली बाळे, शेळगी, देगाव, मजरेवाडी, सोरेगाव, कुमठे ही गावे शहरातच मोडतात, जरी तिथे अजून सातबारा दिसत असला आणि लोक 'गावाकडं' म्हणत असले तरी. हद्दीबाहेर, उत्तर किंवा दक्षिण सोलापूर तालुक्यातल्या गावात जागा असेल तर प्रस्ताव महसूल यंत्रणेकडे जातो आणि नगररचना कार्यालय तो तांत्रिकदृष्ट्या तपासते. नियमांचे पुस्तक दोन्हीकडे एकच आहे: एकत्रिकृत विकास नियंत्रण व प्रोत्साहन नियमावली. सगळे तिला युडीसीपीआर म्हणतात. ती डिसेंबर 2020 पासून मुंबई आणि काही मोजके भाग सोडून राज्यभर लागू आहे. तिच्यात वरचेवर दुरुस्त्या होतात, म्हणून पाच वर्षांपूर्वीच्या शेजाऱ्याच्या लेआउटवरून आपला हिशोब मांडू नका.

4. दोन एकरात किती गुंठे विकायला मिळतील?

सगळ्यात जास्त विचारला जाणारा प्रश्न हाच, आणि सगळ्यात जास्त फसगतही इथेच होते.

आधी मापे नीट घ्या. एक गुंठा म्हणजे 33 फूट गुणिले 33 फूट, 1089 चौरस फूट, म्हणजे 101.17 चौरस मीटर. सातबारावरचे क्षेत्र मात्र हेक्टर-आरमध्ये असते आणि एक आर म्हणजे बरोबर 100 चौरस मीटर. बोलताना आपण दोन्ही एकच धरतो, पण नकाशात तसे धरता येत नाही.

आता दोन एकर म्हणजे 80 गुंठे, सुमारे 8094 चौरस मीटर. जागा 0.4 हेक्टर किंवा जास्त असली की 10 टक्के खुली जागा सोडावी लागते. इथे ती 809 चौरस मीटर. समजा जागा 80 मीटर रुंद आणि 101 मीटर खोल आहे आणि मधून 9 मीटरचा एकच सरळ रस्ता काढला. त्यात 909 चौरस मीटर गेले. राहिले सुमारे 6376, म्हणजे 63 गुंठे. म्हणजे 80 गुंठ्यांतले 17 गेले. हा सगळ्यात सोपा नकाशा झाला. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना 35 मीटर खोलीच्या पट्ट्या उरतात. एवढे खोल प्लॉट कोणी घेत नाही, म्हणून आणखी रस्ते टाकावे लागतात आणि आकडा अजून उतरतो. त्यात विकास योजनेचा रस्ता किंवा ओढा आला तर तेही क्षेत्र वजा होते.

म्हणून "दोन एकर, 80 प्लॉट, गुंठ्याला इतके" असा भाव सांगणाऱ्याने रस्ता आणि खुली जागा तरी सोडलेली नाही, किंवा त्याने नकाशाच काढलेला नाही.

इथे काही जण एक युक्ती विचारतात: सातबारावर 0.40 आहे, 0.39 केला तर 10 टक्के वाचतील का? आकड्याने वाचतात. पण मूळ धारणा किती होती आणि तुकडा केव्हा, कशासाठी केला, हे फेरफारांच्या नोंदींवरून नकाशा तपासणाऱ्याला दिसते. आणि ती खुली जागा तुमच्याकडून घर घेणाऱ्यांच्या पोरांना खेळायला असते, हेही ध्यानात असू द्या.

5. आतला रस्ता 20 फुटांचा ठेवला तर काय बिघडतं?

मंजुरी मिळत नाही. निवासी रेखांकनातला साधा अंतर्गत रस्ता 9 मीटरचा, म्हणजे साडेएकोणतीस फुटांचा लागतो, आणि त्याची लांबी वाढेल तशी रुंदीही वाढवावी लागते. शिवाय हा रस्ता पुढे शेजारच्या जमिनीच्या रस्त्याला जुळेल असा आखावा लागतो. आपल्या हद्दीवर भिंत घालून तो बंद करता येत नाही.

याविषयी मला पोटतिडकीने सांगायचे आहे. माझ्या मावशीने हद्दवाढ भागात अशाच 12 फुटी बोळात जागा घेतली होती. काका छातीत दुखून कोसळले त्या रात्री गाडी बोळाच्या तोंडाशी अडकली आणि आम्ही त्यांना बाजेवर घालून बाहेर आणले. काका वाचले. पण तेव्हापासून कोणी रस्त्यातले दोन फूट वाचवायची गोष्ट काढली की मी नकाशा बाजूला ठेवतो आणि आधी ही हकीकत सांगतो. प्लॉटच्या किमतीतला मोठा वाटा त्याच्यापुढच्या रस्त्याचा असतो. तुम्ही पुढे मजले चढवायला गेलात की परवानगीचे गणितही रस्त्याच्या रुंदीवरच येऊन थांबते.

6. लेआउटमधली ओपन स्पेस मालकाची का? तो ती नंतर विकू शकतो का?

नाही. ती सगळ्या प्लॉटधारकांच्या वापरासाठी कायमची खुली ठेवायची असते. मूळ मालकाचे नाव सातबारावर तसेच राहिले, म्हणून ती त्याची होत नाही. जुन्या कितीतरी लेआउटमध्ये हे नाव काढायचे राहून गेले आणि 20 वर्षांनी वारसांनी त्याच जागेचा सौदा केला, अशा तक्रारी येतात. अंतिम रेखांकन झाले की रस्ते आणि खुली जागा यांची नोंद अधिकार अभिलेखात करून घ्या. प्लॉटधारकांनी मिळून संस्था केली असेल तर पाठपुरावा सोपा जातो.

7. सुविधा भूखंड आणि गरिबांसाठी लहान प्लॉट, हे पण सोडावे लागतात का?

सुविधा भूखंड (शाळा, दवाखाना अशा सार्वजनिक सोयींसाठी राखायची जागा) मोठ्या रेखांकनात लागतो. जमीन दोन हेक्टर किंवा त्याहून मोठी असेल तर 5 टक्के, आणि तो प्रश्न 4 मधल्या खुल्या जागेशिवाय वेगळा. 20 टक्के लहान भूखंडांची अट 10 लाख किंवा जास्त लोकसंख्येच्या शहरांसाठी आहे. 2011 च्या जनगणनेत सोलापूर शहर साडेनऊ लाखांच्या थोडे पुढे होते, म्हणून सध्या ती आपल्याला लागत नाही. नव्या जनगणनेचे आकडे आले की हे उत्तर बदलू शकते.

8. 'टेंटेटिव्ह' मंजूर आहे म्हणतात. त्यावर प्लॉट घ्यावा का?

घेऊ नये. तात्पुरती मंजुरी मिळाल्यावर जागेवर आखणी होते, मग भूमि अभिलेख कार्यालयाची मोजणी होते आणि त्या मोजणीप्रमाणे नकाशा दुरुस्त होऊन अंतिम मंजुरी मिळते. या दोन टप्प्यांच्या मध्ये प्लॉटची मापे आणि कधी क्रमांकही बदलतात. साठेखतात 14 नंबर लिहिलेला प्लॉट अंतिम नकाशात 13 होऊन कोपऱ्यावरून आत गेल्याचे मी पाहिले आहे. विक्रेत्याला एकच विचारा: अंतिम रेखांकनाचा आदेश आणि शिक्क्याचा नकाशा दाखवा.

9. 60 दिवसांत उत्तर आलं नाही तर मंजुरी मिळाली असं धरतात, खरं का?

कायद्यात मानीव परवानगीची तरतूद आहे. पण प्रस्ताव परिपूर्ण आणि नियमांना धरून असेल तरच. नकाशात एक जरी नियमभंग असला तर ती मानीव परवानगी तुमच्या कामाची नाही. मिळालेली परवानगी एक वर्ष चालते आणि वाढवून घेत एकूण चार वर्षांपर्यंत टिकते, हेही विसरू नका.

10. लेआउट मंजूर झाल्यावर बिनशेती वेगळी करावी लागते का?

विकास योजनेत निवासी दाखवलेल्या जमिनीला महाराष्ट्र जमीन महसूल संहितेचे कलम 42-ब लागते. स्वतंत्र बिनशेती परवानगीच्या जुन्या फेऱ्या त्यामुळे संपल्या. रूपांतरण कर आणि देय रकमा भरायच्या आणि अभिलेखात नोंद करून घ्यायची. गावठाणापासून 200 मीटरच्या आतल्या जमिनीला 42-ड आहे. पण बिनशेती झाली म्हणजे प्लॉट मंजूर झाले असे नाही. एक करापुरते आणि वापरापुरते आहे, दुसरे नकाशाचे. "जागा एनए आहे" एवढ्यावर पैसे देणाऱ्यांनी प्रश्न 1 परत वाचावा.

11. तुकडेबंदी उठली म्हणतात. मग आता एक गुंठा बिनधास्त घेऊ का?

1947 चा तुकडेबंदी कायदा सांगतो की ठरलेल्या प्रमाणभूत क्षेत्राहून लहान तुकडा पाडायचा नाही. 2023 च्या अधिसूचनेने बहुतेक जिल्ह्यांत हे क्षेत्र जिरायतीला 20 गुंठे आणि बागायतीला 10 गुंठे झाले. 2024 मध्ये काही गरजांसाठी वाट मोकळी झाली: विहिरीसाठी, शेतरस्त्यासाठी आणि सरकारी घरकुल योजनेच्या लाभार्थ्याला घरापुरती 1000 चौरस फूट जागा घेण्यासाठी, जिल्हाधिकाऱ्यांच्या मंजुरीने. मग नोव्हेंबर 2025 च्या अध्यादेशाने नागरी भागांतल्या आणि योजनेत निवासी, वाणिज्य, औद्योगिक अशा बिनशेती वापराला दाखवलेल्या जमिनींपुरती ही बंदी काढली आणि आधी झालेले तुकड्यांचे व्यवहार नियमित करायची सोय केली.

आता यातून काय होते आणि काय होत नाही, ते बघा. अडकलेल्या जुन्या खरेदीखताची सातबाराला नोंद व्हायची वाट मोकळी होते. लाखो कुटुंबांना हा खरा दिलासा आहे आणि मला त्याचा आनंद आहे. पण नोंद झाली म्हणून त्या तुकड्याला रस्ता मिळत नाही, ड्रेनेज येत नाही आणि बांधकाम परवानगीही मिळत नाही. नगररचना कायदा आणि युडीसीपीआर जिथल्या तिथे आहेत. रेखांकन मंजूर नसलेला गुंठा उद्या तुमच्या नावावर चढेल. घराचा नकाशा घेऊन गेलात की पहिला प्रश्न "लेआउट कुठंय?" हाच येईल. शेतजमीन पट्ट्यातल्या जागेला तर बंदीही तशीच आहे.

12. आमचं घर गुंठेवारीत आहे. ते कायदेशीर होईल का?

गुंठेवारी म्हणजे रेखांकन मंजूर न करता गुंठ्या-गुंठ्याने पाडून विकलेली जागा. 2001 चा गुंठेवारी कायदा यासाठीच आहे. मुळात 1 जानेवारी 2001 पर्यंतच्या भूखंडांना तो लागू होता. 2021 च्या दुरुस्तीने मुदत 31 डिसेंबर 2020 पर्यंत आली. प्रशमन शुल्क (नियमभंग मिटवण्यासाठीची रक्कम) आणि विकास आकार भरून प्रस्ताव द्यायचा असतो. सरकारी जागेवरचे अतिक्रमण किंवा रस्त्यात येणारे बांधकाम यात बसत नाही. त्या तारखेनंतर पाडलेल्या प्लॉटला 'गुंठेवारी करून देतो' असे सांगून कोणी विकत असेल तर सावध व्हा. नियमित करून घेतलेल्यांना माझा एक आग्रह आहे: आदेशाची मूळ प्रत, चलन आणि नकाशा एकत्र ठेवा. बँक कर्जाच्या वेळी तिन्ही मागते.

13. वडिलांच्या नावावर मंजूर लेआउटमधला प्लॉट आहे. आम्ही तिघं भाऊ. तीन भाग करता येतील का?

वाटणीपत्राने हिस्से ठरवता येतात, पण तिघांना वेगवेगळे प्लॉट हवे असतील तर मंजूर भूखंडाची पोटविभागणी लागते आणि तीही त्याच नियमांत बसावी लागते. प्रत्येक भागाला रस्ता हवा, क्षेत्राइतकीच दर्शनी रुंदीही पाहतात आणि सामासिक अंतरे (हद्दीपासून घरापर्यंत सोडायची मोकळी जागा) सोडून घर बसायला हवे. 40 फूट रुंदीचा प्लॉट तिघांत उभा चिरला की प्रत्येकाला तेरा फूट येतात. ओळघर पद्धतीचा (भिंतीला भिंत लागून घरे असलेला, रो-हाउसचा) लेआउट नसेल तर हे पुढे सरकत नाही. बऱ्याच घरांत मी दुसरा मार्ग सुचवतो: प्लॉट एकच ठेवून तीन मजले किंवा तीन सदनिका बांधायच्या आणि प्रत्येकाच्या नावे एकेक करायची. भाऊबंदकीत भिंतीवरून होणारी भांडणे मजल्यांवरून कमी होतात, असा माझा अनुभव आहे.

शेताची वाटणी हा वेगळा विषय आहे. ती जमीन महसूल संहितेच्या कलम 85 खाली तहसीलदारांकडे होते आणि तिथे प्रश्न 11 मधले प्रमाणभूत क्षेत्र आड येऊ शकते. अशा वाटणीतून भूखंड तयार होत नाहीत.

14. आमच्या गटातून डीपी (विकास योजनेचा) रस्ता किंवा आरक्षण गेलं आहे. उरलेल्या जागेचं लेआउट होईल का?

होईल. आरक्षित क्षेत्र वगळून उरलेल्याचा प्रस्ताव देता येतो आणि रस्त्यात गेलेल्या क्षेत्राचा मोबदला हस्तांतरणीय विकास हक्काच्या (टीडीआर, म्हणजे दुसरीकडे वापरता किंवा विकता येणारा बांधकामाचा हक्क) रूपाने मागता येतो. अंतिम विकास योजना लागू होऊन 10 वर्षे झाली आणि जागा संपादन झाली नाही, तर नगररचना कायद्याच्या कलम 127 ची खरेदी सूचना (जागा विकत घ्या, असे कळवणारी नोटीस) देता येते. त्यानंतर 24 महिन्यांत संपादनाची पावले उचलली नाहीत तर आरक्षण व्यपगत होते, म्हणजे संपते. ही सूचना वकिलाकडूनच द्यावी. मालकीचे कागद जोडायचे राहिले म्हणून वाया गेलेल्या सूचना मी पाहिल्या आहेत.

15. सातबारावर 'भोगवटादार वर्ग 2' लिहिलं आहे. चालेल का?

तसे थेट चालत नाही. वर्ग 2 म्हणजे सरकारी अटींवर धारण केलेली, परवानगीशिवाय विकता न येणारी जमीन. सक्षम अधिकाऱ्याची परवानगी आणि बहुधा नजराणा (सरकारला भरायची रक्कम) लागतो. देवस्थान इनामाची जमीन असेल तर पैसे देऊच नका. 'कुळ कायदा कलम 43 ला पात्र' अशी (कुळाला मिळालेल्या जमिनीच्या विक्रीवर बंधन असल्याची) नोंद असेल तर आधी ती बाब निकाली काढा, मग नकाशा काढू. सातबाराच्या 'इतर हक्क' रकान्यात हे सगळे असते. लोक नाव आणि क्षेत्र वाचून कागद घडी घालतात.

16. निवासी झोन आहे, आरक्षण नाही, तरी परवानगी अडली. का?

सोलापुरात याची चार कारणे नेहमी येतात.

भुईकोट किल्ला केंद्रीय संरक्षित स्मारक आहे. अशा स्मारकाच्या हद्दीपासून 100 मीटर प्रतिबंधित आणि त्यापुढचे 200 मीटर नियंत्रित क्षेत्र असते. या क्षेत्रात जुना वाडा पाडून वाटण्या करू पाहणाऱ्यांना हे शेवटी कळते. पुरातत्त्वाची परवानगी नसेल तर प्लॉट कागदावरच राहतो.

होटगी रस्त्यावरच्या विमानतळामुळे उंचीवर मर्यादा येते. प्लॉट पाडायला अडचण नसते, पण किती मजले चढतील ते आधी पाहा.

नान्नजकडे जागा घेणाऱ्यांनी 1979 सालच्या माळढोक अभयारण्याची आणि भोवतालच्या पर्यावरण संवेदनशील क्षेत्राची हद्द तपासावी. माळरान मोकळे दिसते म्हणून ते मोकळे असते असे नाही.

आणि ओढा. गाव नकाशात ओढ्याची रेघ असते. जागेवर मुरूम टाकून तो सपाट केलेला असतो. उन्हाळ्यात दाखवायला नेलेला प्लॉट एकदा जोराच्या पावसात जाऊन बघा. सीना काठच्या जागेला पूररेषाही लागू होते.

17. अकरा जणांनी मिळून एक एकर घेतला आहे. सातबारावर सगळ्यांची नावं आहेत. आता काय?

तुमच्याकडे आत्ता सामाईक, अविभक्त हिस्सा आहे. कुणाचा कोपरा कुठला, हे कायद्याने ठरलेले नाही. झोन निवासी असेल तर अकराही जणांच्या सह्यांनी एकच रेखांकन मंजूर करून घ्या आणि मग आपापसांत वाटून घ्या. एक जण परगावी, एक रुसलेला, एकाचे निधन होऊन वारसांची नोंद बाकी, असे होण्याआधी हे करा. एक एकर म्हणजे 4047 चौरस मीटर, म्हणजे प्रश्न 4 मधली 10 टक्के खुली जागा इथे लागणारच. प्रत्येकाच्या हिशोबातून ती आधीच वजा धरा.

18. महारेरा प्लॉटला पण लागतो का?

लागतो. महारेरा म्हणजे घरांच्या आणि प्लॉटच्या प्रकल्पांवर लक्ष ठेवणारे राज्याचे प्राधिकरण. प्रकल्पाची जमीन 500 चौरस मीटरपेक्षा जास्त असेल तर जाहिरात करण्याआधी किंवा इसार घेण्याआधी नोंदणी हवी. फलकावर नोंदणी क्रमांक नसेल तर विचारा. असेल तर तो महारेराच्या संकेतस्थळावर टाकून मंजूर नकाशा उघडा आणि हातातल्या माहितीपत्रकाशी ताडून बघा.

19. अंतिम मंजूर प्लॉट आहे, पण जागेवर टेप लावल्यावर तीन फूट कमी भरतात. कुणाला धरायचं?

आधी घाबरू नका आणि शेजाऱ्याशी भांडू नका. कोपऱ्यावरच्या प्लॉटपासून सगळ्यांचे सरकलेले असू शकते. पहिले घर चुकीच्या खुणेवर बांधले की पूर्ण ओळ सरकते. भूमि अभिलेख कार्यालयात हद्द कायम मोजणीचा अर्ज करा, लगतच्या धारकांना नोटीस जाईल, आणि मोजणीची 'क' प्रत (मोजणीचा अधिकृत नकाशा) हातात आल्यावरच बोला. कुंपण घालण्याआधी ही मोजणी झाली तर दगड हलवून विषय मिटतो. घर उभे राहिल्यावर तीन फुटांसाठी दिवाणी दावा चालतो. खरेदीखतात मंजूर रेखांकनाची तारीख, प्लॉट क्रमांक, चारही बाजूंची मापे आणि चतुःसीमा लिहिलेली असेल तर विक्रेत्याला विचारता येते. नुसते 'एक गुंठा' लिहिले असेल तर आपण काय विकत घेतले, हे सिद्ध करणे अवघड होते.